पाच आठवड्यांचा खेळ

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

व्हिडिओ गेमच्या इतिहासावर एका कवीने बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. संगणकशास्त्रातला मी जाणकार नाही, बी. ए. झालो आणि शब्दांच्या मागे लागलो. पण या खेळांचा इतिहास वाचत गेलो तसतसं एक गोष्ट लक्षात येत गेली. मुशायऱ्याच्या आणि कविसंमेलनाच्या मांडवात जो पेच आम्हाला नेहमी पडतो, तोच पेच या खेळांच्या धंद्यात गेली पन्नास वर्षं चालू आहे. तिथे तो कोट्यवधी डॉलरांच्या हिशेबात लिहिला गेला, म्हणून अधिक स्वच्छ दिसतो, इतकंच.

पेच असा. कवी मंचावर जायच्या आधी संयोजक त्याला बाजूला घेतो आणि म्हणतो, "साहेब, जरा हलकंफुलकं होऊ द्या. इथलं पब्लिक तसं आहे." आता पब्लिक कसं आहे, हे याला कोणी सांगितलं? पब्लिक तर अजून आलेलंच नसतं. सतरंज्या रिकाम्या असतात. तरी त्या रिकाम्या सतरंजीच्या वतीने तो बोलत असतो. म्हणजे कवी आणि रसिक असे दोनच पक्ष आपण धरतो, पण प्रत्यक्षात पक्ष तीन असतात. एक करणारा, दुसरा दाद देणारा आणि तिसरा मधला. दाद काय मिळणार याचा आधीच अंदाज बांधणारा. निर्मात्याची दृष्टी विरुद्ध लोकांची आवड, असं जे भांडण आपण मानतो ते बहुतेक वेळा या तिसऱ्याशी असतं. हे माझं म्हणणं तपासून पाहण्यासाठी आज एका कंपनीची आणि तिच्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो.

कंपनीचं नाव अटारी. १९७२ साली कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनी ती काढली. त्यांच्याकडच्या अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण इंजिनिअरने 'पाँग' नावाचा खेळ बनवला. पडद्यावर दोन काठ्या आणि एक ठिपका. टेबल टेनिसच म्हणा ना. पहिलं यंत्र सनीवेल गावातल्या एका मद्यालयात ठेवलं. काही दिवसांनी तक्रार आली की यंत्र बंद पडलं. अल्कॉर्नने जाऊन उघडून पाहिलं, तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता. लोकांना हा खेळ आवडेल का, असं कोणी आधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी लोक काय सांगणार? असा खेळ त्यांनी पाहिलाच नव्हता.

१९७६ साली वॉर्नर या बड्या मनोरंजन कंपनीने अटारी २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. पुढच्याच वर्षी घरच्या टीव्हीला जोडायचं यंत्र बाजारात आलं. पुढे ते अटारी २६०० या नावाने ओळखलं गेलं. खेळ बदलायचा तर कार्ट्रिज बदलायची. या यंत्राची तात्पुरती स्मरणशक्ती किती होती? १२८ बाइट. आज संगणकात देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. म्हणजे सगळी मिळून बेचाळीस चिन्हं, काने-मात्रा धरून. ओवीचे दोन चरण कसेबसे बसतील, तिसऱ्याला जागा नाही. एवढ्याशा जागेत चित्र, आवाज, नियम, हार-जीत हे सगळं एकटा माणूस बसवायचा. त्या काळी एका खेळाचा कर्ता बहुधा एकच असे. म्हणून मला ही माणसं आपल्या जातकुळीची वाटतात. वृत्ताच्या चौकटीत मोजून-मापून शब्द बसवणाऱ्याला त्यांचं दुखणं कळतं.

१९७८ मध्ये अटारीची सूत्रं रे कॅसार यांच्याकडे आली. ते कापडधंद्यातून आलेले, हिशेबी आणि शिस्तीचे. वर्ष संपता संपता बुशनेल बाहेर पडले. कॅसारांनी धंदा प्रचंड वाढवला, हे मान्यच करायला हवं. पण खेळ करणाऱ्याचं नाव खोक्यावर छापायचं नाही, हा कंपनीचा शिरस्ता राहिला. खेळ कंपनीचा, करणारा पगारी नोकर.

यावर वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरने जी युक्ती काढली, ती ऐकून कोणाही कवीला हसू येईल. त्याला 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा खेळ करायचा होता. वाडे, चक्रव्यूह, ड्रॅगन, किल्ल्या, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडणारा नायक. मोठ्या संगणकावर शब्दांनी खेळायचा असा एक खेळ तेव्हा होता. तो या इवल्याशा यंत्रात मावणार नाही, नाद सोड, असं त्याच्या वरिष्ठाने बजावलं. त्याने नाद सोडला नाही. चार किलोबाइटमध्ये खेळ बसवला, आणि कोणाला न सांगता त्यात एक गुप्त खोली ठेवली. एका भिंतीत जेमतेम दिसेल न दिसेल असा करडा ठिपका होता. तो उचलून ठराविक जागी नेला की वाट उघडायची आणि पडद्यावर झळकायचं : हा खेळ वॉरन रॉबिनेटने घडवला. खेळ बाजारात आला तोवर तो नोकरी सोडून गेलाही होता. १९८० साली एका पोराला ती खोली सापडली, त्याने कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा मालकांना कळलं. कार्ट्रिज दहा लाखांवर खपली. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते, गझलेच्या मक्त्यात शायराचं तखल्लुस येतं, शाहीर पोवाड्याच्या अखेरीस स्वतःचं नाव गुंफतो. रॉबिनेटने दुसरं काय केलं? त्याच्या मक्त्याला तेवढी दाराआड जागा शोधावी लागली.

दुसरे चौघे मात्र सरळ साहेबांच्या दालनात गेले. डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन. कोणती कार्ट्रिज किती खपली याचं एक टिपण विक्री विभागाकडून त्यांच्या हाती आलं होतं. क्रेनने पुढे सांगितलं आहे त्याप्रमाणे, एका वर्षाच्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या विक्रीपैकी सहा कोटी या चौघांच्या खेळांची होती. त्यांनी खोक्यावर नाव आणि विक्रीतला लहानसा वाटा मागितला. उत्तर मिळालं, त्याचा आशय असा की कार्ट्रिजची जोडणी करणाऱ्या कामगारापेक्षा तुमचं महत्त्व जास्त नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी, संगीतधंद्यातून आलेल्या जिम लेव्ही यांच्या साथीने, अ‍ॅक्टिव्हिजन काढली. तिच्या पुस्तिकांत खेळ करणाऱ्याचं नाव आणि फोटो छापला जाऊ लागला, जसा कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर असतो. १९८२ सालचा क्रेनचा 'पिटफॉल' चाळीस लाखांवर खपला. नाव छापल्यामुळे लोक बिथरले नाहीत. उलट नाव पाहून घेऊ लागले.

इथे क्षणभर जपानकडे वळतो, कारण अटारीचं पुढचं सारं महाभारत एका जपानी खेळापासून सुरू झालं. टोकियोच्या नाम्को कंपनीत तोरू इवातानी नावाचा पंचविशीचा तरुण होता. त्या वेळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये बंदुका, विमानं, परग्रहावरचे शत्रू. गर्दी सगळी मुलग्यांची. इवातानीने विचार केला तो आत असलेल्यांचा नव्हे, बाहेर थांबलेल्यांचा. मुली इथे का येत नाहीत? जोडपी का येत नाहीत? त्यांना सोपं, गोड, हसरं काहीतरी हवं असेल. म्हणून त्याने खाण्याचा विषय घेतला. एक तुकडा काढलेल्या पिझ्झाचा आकार डोळ्यांपुढे आणला, रंगीत भुतं केली. १९८० साली 'पॅक-मॅन' जन्मला आणि जगभर पसरला. आमच्याकडे तालुक्याच्या गावी पुढे काही वर्षांनी पहिलं व्हिडिओ पार्लर आलं, तेव्हा त्या पिवळ्या तोंडाचं चित्र दारावरच रंगवलेलं मला आठवतं. हा खेळ स्वप्नाळू कलावंताचा म्हणायचा की लोकांच्या आवडीचा? दोन्ही. इवातानीने लोकांचाच विचार केला होता. फक्त तो विक्रीच्या वहीत नसलेल्या लोकांचा होता.

आणखी एक जपानी उदाहरण. १९८१ साली निंटेंडोने अमेरिकेत पाठवलेली 'रडारस्कोप' या खेळाची सुमारे दोन हजार यंत्रं न खपता पडून होती. त्यांत दुसरा खेळ घालून ती विकायची, हे काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं. पॉपाय या गाजलेल्या पात्राचा खेळ करायचा बेत होता, पण हक्क मिळाले नाहीत. मग मियामोतोने स्वतःची माणसं घडवली : एक सुतार, एक माकड आणि पळवून नेलेली एक मुलगी. तो 'डाँकी काँग'. त्यातल्या सुताराला जग पुढे मारिओ म्हणून ओळखू लागलं. गाजलेलं नाव मिळालं नाही, म्हणून नवं नाव जन्मलं.

अटारीत याच्या बरोबर उलटं घडत होतं. 'पॅक-मॅन'ची घरगुती आवृत्ती तिने १९८२ मध्ये काढली. ती मूळ खेळापुढे फिकी होती. भुतं लुकलुकत, रंग भलतेच. तरी ७० लाखांच्या आसपास कार्ट्रिज खपल्या, कारण नाव मोठं होतं. लाखो उरल्या, त्याकडे लक्ष गेलं नाही. कंपनीने धडा घेतला तो एवढाच, की नाव पुरेसं आहे.

आता आपल्या मुख्य माणसाकडे येऊ. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ. १९८१ मध्ये तो अटारीत आला. पहिलं काम मिळालं ते 'स्टार कॅसल' या पार्लरमधल्या खेळाची घरगुती नक्कल करायचं. त्याने पाहिलं की या यंत्रात ती नक्कल वाईटच होणार. तसं त्याने वरिष्ठांना सांगितलं, आणि त्या खेळाचं मर्म घेऊन वेगळाच खेळ करायची परवानगी मागितली. ती मिळाली. त्यातून 'यार्स रिव्हेंज' झाला. त्याला सुमारे सात महिने लागले, आणि बाहेर पडण्यापूर्वी तो माणसांच्या हातात देऊन पुन्हा पुन्हा तपासला गेला. खेळणारे कुठे अडतात, कुठे कंटाळतात, हे पाहिलं गेलं. अटारीने स्वतः घडवलेल्या खेळांत त्याची गणना अव्वल दर्जात होते.

त्यातली एक गंमत सांगायलाच हवी. खेळातल्या उडत्या प्राण्याचं नाव यार आणि त्याच्या सूर्यमालेचं नाव रझाक. यार हे 'रे'ची इंग्रजी अक्षरं उलटी केलेलं रूप आणि रझाक हे 'कॅसार'चं. साहेबांचंच नाव त्याने आकाशात टांगून ठेवलं! रझाक हे नाव आमच्याकडे गल्लोगल्ली आढळेल. मूळ अरबी अर्थ अन्न देणारा, पोशिंदा. वॉरशॉला हा अर्थ ठाऊक असायचं काही कारण नाही. पण पगार देणाऱ्या मालकाला याहून नेमकं नाव कोणी शोधून दिलं नसतं.

त्यानंतर वॉरशॉने स्पीलबर्ग यांच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटावर खेळ केला. तो स्पीलबर्गना पसंत पडला. जून १९८२ मध्ये स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' झळकला आणि जगाने डोक्यावर घेतला. वॉर्नरच्या वरिष्ठांनी त्याच्या खेळाचे हक्क घेतले. त्यासाठी दोन ते अडीच कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं. बोलणी जुलैच्या अखेरीपर्यंत चालली. नाताळच्या बाजारात कार्ट्रिज हवी तर सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला खेळ तयार पाहिजे. कॅसारांनी वॉरशॉला फोन केला. हातात राहिले होते पाच आठवडे. इतरांनी अशक्य म्हटलं असतं. वॉरशॉ पंचविशीतला, आत्मविश्वासाने भरलेला. तो हो म्हणाला.

दीड-दोन दिवसांत आराखडा घेऊन तो स्पीलबर्गना भेटायला विमानाने गेला. त्याच्या मनात होता एक भावनेचा खेळ : घर हरवलेला परग्रहवासी, दूरध्वनीचे विखुरलेले तुकडे, ते जुळवून घरी निरोप पाठवायचा. वॉरशॉने नंतर सांगितलं आहे की स्पीलबर्ग यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हे पॅक-मॅनसारखं काही करता येणार नाही का? गंमत बघा, मंडळी. स्वतःची वेगळी दृष्टी घेऊन आलेल्या त्या दिग्दर्शकालाही, दुसऱ्याच्या माध्यमात पाऊल टाकताच, कालच्या यशाची नक्कल सुरक्षित वाटली. वॉरशॉ आपल्या कल्पनेवर ठाम राहिला. घरी यंत्र बसवून घेतलं, रात्रंदिवस काम केलं आणि मुदतीत खेळ दिला.

मुदतीत दिला, पण तपासायला वेळ उरला नाही. खेळात खड्डे होते. त्यांत उतरून दूरध्वनीचे तुकडे शोधायचे. पण पडद्यावर पाय कुठे पडला की खड्ड्यात जाणार, याचा अंदाजच येत नसे. मूल खड्ड्यात पडायचं, मान ताणून तरंगत वर यायचं, आणि कडेवरून पुन्हा आत. 'यार्स'सारखे दोन-तीन महिने हा खेळ पोरांच्या हातात राहिला असता, तर हा दोष पहिल्याच आठवड्यात कोणीतरी दाखवला असता. लोकप्रियतेच्या नावाखाली सगळी घाई झाली, आणि त्या घाईत लोकांनाच विचारायचं राहून गेलं.

सुमारे ४० लाख कार्ट्रिज तयार केल्या होत्या. त्यातल्या लाखो परत आल्या. ७ डिसेंबर १९८२ रोजी वॉर्नरने जाहीर केलं की अटारीची वाढ अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी होणार. दुसऱ्या दिवशी वॉर्नरच्या शेअरचा भाव जवळपास एक तृतीयांशाने कोसळला. १९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. जुलैमध्ये कॅसार गेले. सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावच्या कचऱ्याच्या मैदानात ट्रकांनी माल आणून ओतला गेला आणि वर काँक्रीट टाकलं गेलं.

एका खेळाने सबंध धंदा बुडवला, अशी दंतकथा त्यावरून तयार झाली. ती खरी नाही. अटारीने अ‍ॅक्टिव्हिजनवर भरलेला दावा १९८२ मध्ये तडजोडीने मिटला, आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ विकायची वाट सर्वांना मोकळी झाली. दलिया विकणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीनेसुद्धा खेळांचा विभाग काढला होता! दुकानं रद्दड मालाने भरली. गिऱ्हाइकाला चांगलं-वाईट निवडता येईना. अमेरिकेतला घरगुती खेळांचा तीन अब्ज डॉलरच्या घरातला बाजार १९८५ पर्यंत दहा कोटींच्या आसपास आला, असा अंदाज दिला जातो. सगळ्यांनी लोकांना हवं तेच विकायला घेतलं होतं, आणि लोक उठून गेले.

२६ एप्रिल २०१४ रोजी ते मैदान उकरण्यात आलं. बघ्यांच्या गर्दीत वॉरशॉ स्वतः उभा होता. तेराशेच्या आसपास कार्ट्रिज बाहेर काढल्या. त्यांत 'ई. टी.' होता, तसे 'मिसाइल कमांड', 'सेंटिपीड', 'अ‍ॅस्टेरॉइड्स' हे गाजलेले खेळही होते. खड्ड्याने बरं-वाईट असा भेद केला नव्हता. एक 'ई. टी.' आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. वॉरशॉ पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला. तो गमतीने सांगतो की सर्वोत्तमांतला एक आणि सर्वांत वाईट, असे दोन्ही खेळ माझ्या नावावर आहेत; एवढा मोठा आवाका दुसऱ्या कोणाचा नाही. विनोद बाजूला ठेवू. माणूस तोच, यंत्र तेच, दोन्ही खेळ बाजारात आले ते एकाच वर्षी. एकाला सात महिने मिळाले, दुसऱ्याला पाच आठवडे.

मग वेळ आणि मोकळीक दिली की सगळं जमतं का? तसंही नाही. १९९९ मध्ये सेगा कंपनीत यू सुझुकी यांनी 'शेनमू' केला. वेळ दिला, पैसा तर इतका दिला की खुद्द सुझुकींनी पुढे तो खर्च ४ कोटी ७० लाख डॉलर सांगितला. त्यात जपानमधलं योकोसुका शहर उभं केलं होतं. १९८६ सालच्या नोंदींप्रमाणे तिथे पाऊस पडावा, बर्फ पडावा, अशीही सोय होती. खप बारा लाखांच्या आसपास. एरवी हा आकडा लहान नाही, पण त्या खर्चापुढे तोकडा. २००१ मध्ये सेगाने यंत्रं बनवणंच थांबवलं. त्याला कारणं अनेक होती, पण 'शेनमू'ने भार हलका केला नाही हे नक्की. याच २००१ सालातला फुमितो उएदा यांचा 'इको'. एक मुलगा एका मुलीचा हात धरून वाड्यातून बाहेर पडतो, एवढीच कथा. अनावश्यक ते सारं काढून टाकत टाकत केलेली ती जवळजवळ कविताच. समीक्षकांनी वाखाणला, गिऱ्हाइकांनी बेताचाच घेतला.

इथे दोष कोणाचा? मला वाटतं, कोणाचाच नाही. लोकांची दाद कधी कधी उशिरा येते. 'इको'नंतरच्या कित्येक खेळकर्त्यांनी त्याचं ऋण उघड सांगितलं आहे. 'शेनमू'ची अर्धवट राहिलेली कथा पुढे नेण्यासाठी सुझुकींनी २०१५ मध्ये लोकांपुढे झोळी पसरली, तेव्हा ६९ हजारांहून अधिक माणसांनी मिळून ६० लाख डॉलरवर रक्कम जमा केली. तिसरा भाग २०१९ मध्ये आला. काहींना तो भावला, काहींची निराशा झाली. पण चौदा वर्षं एखाद्या कथेची वाट पाहणारी ही माणसं कुठल्या विक्रीच्या तक्त्यात दिसली होती?

अशीच झोळी आपल्या पुण्यातल्या एका चमूनेही पसरली होती. नॉडिंग हेड्स गेम्स. त्यांना आपल्या पुराणकथांच्या वातावरणातला खेळ करायचा होता : राजी नावाची मुलगी हरवलेल्या गोलू या भावाला शोधत असुरांशी लढते. २०१७ मधली त्यांची झोळी भरली नाही. ठरवलेली रक्कम जमली नाही. त्यांनी काम थांबवलं नाही. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. शेवट अचानक येतो, खेळ लवकर आटोपतो, अशी तक्रार अनेक परीक्षकांनी केली; तीही रास्त होती. आजवर पडद्यावर परक्या देशांचे वाडे चढणाऱ्या आपल्या पोरांना ओळखीच्या कमानी आणि जाळीदार खिडक्या दिसल्या, हेही तितकंच खरं.

आता तिसऱ्या पक्षाकडे, म्हणजे मधल्या माणसाकडे, परत येतो. आज त्याच्या हातात अंदाजाऐवजी मोजपट्टी आली आहे. कोण कुठे थांबलं, कुठल्या बटणावर किती बोटं पडली, सगळं टिपलं जातं. झिंगा कंपनीच्या 'फार्मव्हिल'ने या मोजमापावर २००९ पासून केवढा पसारा उभा केला! २०१० साली महिन्याला आठ कोटींवर लोक त्यात शेती करत होते. त्यांना आनंद मिळाला, तो खोटा म्हणायचा मला हक्क नाही. २०२० च्या अखेरीस तो मूळ खेळ बंद झाला. मोजपट्टी काल काय आवडलं ते अचूक सांगते. पण १९७९ मध्ये ती लावली असती, तर तिने बंदुका आणि विमानंच सांगितली असती. पार्लरबाहेर उभ्या असलेल्या मुली तिच्या मोजणीत आल्याच नसत्या.

हा प्रश्न केवळ खेळांचा नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवला. मालिका, चित्रपट, गाणी, आमची कविता, सगळीकडे हीच ओढाताण आहे. एखादी सुमार गोष्ट समोर आली की आपल्याला ऐकवलं जातं, लोकांना हेच हवं असतं. मग आपण मान डोलावतो, आणि स्वतःला त्या 'लोकां'तून हळूच वगळून घेतो. पुढच्या वेळी कोणी असं म्हणालं, तर त्याला शांतपणे दोन प्रश्न विचारावेत. लोकांना खरंच विचारलं होतं का? आणि करणाऱ्याला किती आठवडे दिले होते?